डेकिन यांचा अर्धा टक्का

रूट कॅनाल करताना दंतवैद्य बारीक सुईच्या सिरिंजने मुळाच्या नळीत पुन:पुन्हा एक द्रावण सोडतात. त्याला पोहण्याच्या तलावासारखा वास येतो. हे सोडियम हायपोक्लोराइट. मिठाच्या पाण्यात वीज सोडली की ते तयार होते. म्हणजे शिरोड्याच्या मिठागरातले मीठही त्याला चालेल. या द्रावणाला शिस्त लावणारे रसायनशास्त्रज्ञ म्हणजे हेन्री ड्रायस्डेल डेकिन.

त्यांचा जन्म १८८० साली लंडनचा, शिक्षण लीड्सचे. १९०५ मध्ये ते न्यूयॉर्कला डॉ. ख्रिश्चन हर्टर यांच्या खासगी प्रयोगशाळेत गेले. पहिले महायुद्ध पेटले तेव्हा ते मायदेशाच्या मदतीला परतले. फ्रान्समध्ये काँपियेन्य येथे शल्यविशारद अलेक्सी कारेल यांचे रुग्णालय होते. शेणखताच्या शेतात पडलेल्या सैनिकांच्या जखमा तिथे सडत होत्या. प्रतिजैविके यायची होती. कार्बोलिक अ‍ॅसिड जंतूंबरोबर मांसही मारत असे.

डेकिन यांनी दोनशेहून अधिक पदार्थ तपासले आणि शेवटी जुन्याच हायपोक्लोराइटकडे आले. त्याची ताकद बाटलीगणिक बदले आणि त्यातला तीव्र अल्कली कातडी जाळी. त्यांनी अल्कली सौम्य केला आणि प्रमाण बांधून दिले: ०.४५ ते ०.५ टक्के. त्याहून कमी असेल तर निरुपयोगी, जास्त असेल तर दाहक. कारेल यांनी रबरी नळ्यांनी ते दर दोन तासांनी जखमेत सोडण्याची पद्धत बसवली. पुढे ‘अ‍ॅक्विटानिया’ या रुग्णालय-जहाजावर डेकिन यांनी समुद्राच्या पाण्यापासूनच हे जंतुनाशक तयार करण्याची सोय केली.

या द्रावणातला क्लोरीन प्रथिनांवर तुटून पडतो. जंतू मरतात, मेलेले मांस विरघळते. दंतवैद्यांना नेमके हेच हवे होते, कारण मुळातल्या आडवाटांत अडकलेली सडकी नस हत्याराला लागत नाही. अडचण अशी की दातही प्रथिनाशिवाय उभा नाही. डेंटीनमध्ये वजनाने सुमारे ७० टक्के खनिज, २० टक्के सेंद्रिय भाग आणि उरलेले पाणी असते. सेंद्रिय भाग मुख्यत: कोलॅजेन, आणि चावताना दाताला किंचित लवू देते ते तेच. डेंटीनच्या पट्ट्या दोन तास ३ ते ५ टक्के द्रावणात ठेवल्यावर त्यांची वाकण्याची ताकद घटलेली प्रयोगशाळेत आढळली. अर्ध्या टक्क्यात तसा लक्षणीय फरक पडला नाही. प्रत्यक्ष दात काही असा भिजत पडत नाही, हे खरे. पण ईडीटीएने खनिज काढल्यानंतर पुन्हा हायपोक्लोराइट जास्त वेळ ठेवले, तर उघड्या पडलेल्या कोलॅजेनचा बचाव उरत नाही.

तरीही आज दवाखान्यांत बहुधा अडीच ते पाच टक्केच वापरतात, कारण नस लवकर विरघळते. सौम्य द्रावणही काम करते, मात्र क्लोरीन खर्ची पडतो म्हणून ते सतत ताजे सोडावे लागते, कारेल यांच्या नळ्यांसारखे. त्याला वेळ लागतो, आणि वेळ कुणाकडेच नसतो. रूट कॅनालनंतर दाढ चिरते ती मुख्यत: किडीने आणि कोरण्याने भिंती पातळ झाल्यामुळे. म्हणून दुखणे थांबले तरी दाढेवर कॅप बसवून घ्यायची असते. रुग्ण नेमका तिथेच येणे सोडतो.

डेकिन मुळात बुजरे. १९१६ मध्ये त्यांनी हर्टर यांच्या विधवा पत्नीशी विवाह केला आणि हडसन नदीकाठच्या घरातच प्रयोगशाळा मांडून अमिनो आम्लांवर काम केले. पत्नीच्या निधनानंतर थोड्याच काळात, फेब्रुवारी १९५२ मध्ये, तेही गेले.