एव्हरेस्टची उंची मोजायचा पाया घालणारा माणूस विदर्भातल्या हिंगणघाटमध्ये चिरनिद्रा घेतोय

अलिबागचा समुद्र असो की मद्रासचा, डोंगराची उंची मोजायची तर सुरुवात समुद्रसपाटीपासूनच करावी लागते. नेपाळ आणि चीनच्या सीमेवरच्या एव्हरेस्टची मोजणीही अशीच समुद्रकिनाऱ्यावरून सुरू झाली. ती सुरू करणारा माणूस होता विल्यम लॅम्बटन.

लॅम्बटन मूळचा इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा. फौजेत भरती झाला, अमेरिकेतल्या लढाईत कैद झाला आणि पुढे भारतात येऊन 1799 मध्ये टिपू सुलतानाविरुद्ध लढला. पण त्याचा खरा जीव गणितात.

10 एप्रिल 1802 ला त्याने मद्रासजवळ शंभर फुटी पोलादी साखळीने जमीन मोजायला घेतली. जेमतेम 12 किलोमीटरची रेघ, पण तिला 57 दिवस लागले. कारण त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन अचूक कळले, की उरलेल्या बाजू गणिताने काढता येतात. मग त्या बाजूवर पुढचा त्रिकोण रचायचा. असं करत त्रिकोणांची माळ कन्याकुमारीकडून उत्तरेला सरकू लागली.

कोन मोजायला थिओडोलाइट होता, वजन सुमारे अर्धा टन. लंडनहून येताना तो फ्रेंचांच्या हाती लागला, पण त्यांनी मानाने परत पाठवला. 1808 मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना दोर तुटला आणि यंत्र वाकलं. लॅम्बटनने तंबूत बसून सहा आठवडे खपून ते स्वतः सरळ केलं.

वीस वर्षं हेच. जंगलं, ताप, पाऊस. सत्तरीला टेकलेला लॅम्बटन नागपूरला निघाला होता, पण 20 जानेवारी 1823 ला वाटेत हिंगणघाटलाच वारला. हिमालय अजून शेकडो मैल दूर होता.

त्याचा सहायक जॉर्ज एव्हरेस्टने काम पुढे नेलं. एव्हरेस्ट निवृत्त झाल्यावर राधानाथ सिकदारांच्या आकडेमोडीतून 'शिखर 15' जगात सर्वात उंच असल्याचं समोर आलं. 1856 मध्ये उंची जाहीर झाली 29,002 फूट. आजच्या 8,848.86 मीटरपेक्षा फक्त नऊएक मीटर कमी.

1865 मध्ये शिखराला नाव मिळालं एव्हरेस्टचं. लॅम्बटनच्या वाट्याला आली हिंगणघाटमधली एक कबर.