सर चार्ल्स बेल

मेंदूपासून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्या इ. स. १७७८ मध्यें सोमेरिंग नांवाच्या जर्मन पंडितानें निश्चित केल्या. परंतु मोजदाद झाली म्हणजे प्रत्येकाचें काम कळलें असें नव्हे. चेहऱ्याकडे जाणाऱ्या पांचव्या व सातव्या तंतूंविषयीं मोठी गल्लत होती, आणि तिचा भुर्दंड रोग्यांस भरावा लागे. चेहऱ्यांत असह्य कळा येत असल्या म्हणजे शस्त्रवैद्य सातवा तंतु कापीत. कळा तशाच राहत, मात्र चेहऱ्याची ती बाजू लुळी पडे.

हें कोडें हातीं घेणारे चार्ल्स बेल इ. स. १७७४ मध्यें एडिंबरो येथें एका धर्मोपदेशकाच्या घरीं जन्मले. वडील लवकरच वारले. आईनेंच त्यांना शिकविलें व चित्रकलेची गोडी लाविली. शारीरशास्त्राचे धडे त्यांना वडील बंधु जॉन यांजकडून मिळाले. इ. स. १८०४ मध्यें ते लंडनला गेले, आणि दोनच वर्षांनीं मुद्रेवरील भावांची शारीररचना चित्रकारांस समजावून देणारा ग्रंथ त्यांनीं लिहिला. वाटर्लूच्या लढाईनंतर ब्रुसेल्स येथें जखमी शिपायांवर शस्त्रक्रिया करतांनाही त्यांची लेखणी चित्रें काढीतच होती!

इ. स. १८२१ मध्यें रॉयल सोसायटीपुढें त्यांनीं आपले प्रयोग मांडले. गाढवाचा सातवा तंतु कापतांच नाकपुडीची हालचाल थांबली, पण जनावरास वेदना फारशी झाली नाहीं. पुढें ओठाकडे जाणारी पांचव्याची शाखा कापली, तेव्हां गाढव ओठांनीं दाणे उचलीनासें झालें. त्या शाखेमुळेंच ओठ हलतात, असें बेल समजले. त्यांचेच एके काळचे शिष्य हर्बर्ट मेयो यांनीं पुढच्याच वर्षीं खरें कारण दाखविलें. ओठ लुळे पडले नव्हते. दाणा ओठास लागला हेंच गाढवास कळत नव्हतें. चेहऱ्याचा स्पर्श पांचव्याकडे, मुद्रेची हालचाल सातव्याकडे. चावण्याचें काम तेवढें पांचव्याचें.

इ. स. १८२४ मध्यें निबंध पुन्हां छापतांना बेल यांनीं त्यांतील शब्द कोठें कोठें मुकाट्यानें बदलले. वाट दाखविल्याचें श्रेय त्यांचें होतेंच. मग हें त्यांना शोभलें नाहीं, असें म्हणावें लागतें.

इ. स. १८३१ मध्यें त्यांना सर ही पदवी मिळाली, १८३६ मध्यें ते एडिंबरोस शस्त्रवैद्यकाचे अध्यापक झाले व १८४२ मध्यें वारले. सातवा तंतु सुजून अर्धा चेहरा एकाएकीं लुळा पडतो, त्या विकारास आजही त्यांचेंच नांव आहे. रोग्याचें तोंड वांकडें होतें, डोळा मिटत नाहीं. पण बहुतेकांस कांहीं आठवड्यांत किंवा महिन्यांत पुन्हां हंसतां येतें.