खऱ्या मापाचा ध्यास

मोटारीत बसलेल्या मुलाचे लक्ष सहजच चालकापुढील वेगदर्शकाकडे जाते. काटा साठावर असतो. परंतु मोटार ताशी बरोबर साठ किलोमीटरच धावत असते असे नाही. वेगदर्शक रस्ता मोजीत नाही, तो चाकाचे फेरे मोजतो. आणि एका फेऱ्यात ठरावीक अंतर तोडले जाते असे गृहीत धरून वेग सांगतो. टायर झिजला की चाकाचा घेर घटतो, तेवढ्याच रस्त्याला अधिक फेरे पडतात व काटा खऱ्याहून अधिक वेग दाखवू लागतो. शिवाय त्याने खऱ्याहून कमी वेग कधीही दाखवू नये, म्हणून कारखान्यातच तो किंचित पुढे राहील अशी योजना केलेली असते. सारांश, यंत्र दाखविते ते आणि वस्तुतः असते ते, यांत अंतर असते. हे अंतर ओळखण्यात ज्याने आपले आयुष्य वेचले, असा एक पुरुष नागपूरच्या दक्षिणेस हिंगणघाट येथे चिरविश्रांती घेत आहे. त्याचे नाव विल्यम लॅम्बटन.

लॅम्बटनचा जन्म इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात एका सामान्य कुटुंबात झाला. सैन्यात शिरून तो अमेरिकेत गेला. तेथे सूर्यग्रहण पाहताना पुरेशी काळजी न घेतल्याने त्याच्या एका डोळ्याची दृष्टी अधू झाली. परंतु गणिताचा छंद सुटला नाही. चाळिशी उलटल्यावर तो हिंदुस्थानात आला. 1799 साली श्रीरंगपट्टण पडले आणि दक्षिणेतील विस्तीर्ण मुलूख कंपनी सरकारच्या सत्तेखाली गेला. राज्यकारभारासाठी सरकारला नकाशे हवे होते. लॅम्बटनला त्याबरोबरच पृथ्वीचा खरा आकार जाणून घ्यावयाचा होता.

त्याची पद्धत अशी होती. प्रथम जमिनीवर एक सरळ रेषा अचूक मोजावयाची. मग तिच्या दोन टोकांवरून दूरच्या एखाद्या टेकडीकडे पाहून कोन मोजावयाचे. त्रिकोणाची एक बाजू व कोन कळले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. त्या बाजूंवर नवे त्रिकोण रचीत शेकडो मैल जाता येते. मात्र पहिल्या रेषेत चूक राहिली, तर ती पुढच्या प्रत्येक त्रिकोणात शिरणार!

10 एप्रिल 1802 रोजी मद्रासजवळ पायारेषेची मोजणी सुरू झाली. साखळी पोलादाची, शंभर फूट लांबीची होती. परंतु उन्हाने पोलाद प्रसरण पावते. तापमान दहा अंश सेल्सिअसने वाढले, तर शंभर फुटांची साखळी सुमारे दीड दशांश इंचाने लांबते. हा फरक क्षुल्लक वाटेल. परंतु साडेसात मैलांच्या रेषेत तो साडेचार फुटांवर जातो. म्हणून लॅम्बटनने साखळी लाकडी पेट्यांत ठेविली, तिच्याजवळ उष्णतामापके ठेविली आणि प्रत्येक वेळचे तापमान लिहून हिशेब दुरुस्त केला. वापराने साखळीच्या कड्या झिजतात व ती लांबते, हेही तो जाणून होता. यास्तव दुसरी एक साखळी त्याने केवळ पडताळणीसाठी राखून ठेविली. या एका रेषेसाठी त्याने सत्तावन्न दिवस खर्च केले.

पुढे 1804 साली बंगलोरजवळ नवी रेषा मोजली, तेव्हा गणिताने काढलेली आणि प्रत्यक्ष मोजलेली लांबी यांत अवघ्या काही इंचांचा फरक निघाला. उलट, जुन्या नकाशांत द्वीपकल्पाची रुंदी सुमारे चाळीस मैलांनी अधिक दाखविली होती, हे त्याच्या मोजणीने उघड झाले.

1808 साली तंजावर येथे मोठी आपत्ती ओढवली. अर्ध्या टनाचे कोनमापक यंत्र मंदिराच्या उंच गोपुरावर चढविताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळले व त्याचे वर्तुळ वाकले. वाकलेल्या यंत्राने घेतलेली मापे त्याने कधीच स्वीकारली नसती. इंग्लंडहून नवे यंत्र येण्यास फार काळ लागला असता. म्हणून तो स्वतः दुरुस्तीस बसला. सहा आठवडे खपून, वर्तुळ तसूतसूने ओढून, त्याने ते पूर्ववत केले.

अरण्ये, हिवताप, पाऊस यांना तोंड देत ही मोजणी उत्तरेकडे सरकत राहिली. टेकड्यांवर निशाणे धरून उभ्या राहिलेल्या आणि जड यंत्रे वाहून नेणाऱ्या असंख्य हिंदी खलाशांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत. परंतु त्यांच्या कष्टांवाचून एकही त्रिकोण पुरा झाला नसता.

अखेरीस मोजणी वऱ्हाडात पोहोचली. वृद्ध लॅम्बटन हैदराबादहून नागपूरकडे निघाला. परंतु 20 जानेवारी 1823 रोजी हिंगणघाट येथे त्याचा मृत्यू झाला. नागपूर त्याला दिसले नाही. त्याचे काम जॉर्ज एव्हरेस्टने पुढे नेले व 1841 पर्यंत ही रेषा हिमालयाच्या पायथ्याशी भिडविली. पुढे जगातील सर्वोच्च शिखराची उंची ठरविली गेली, ती याच त्रिकोणांच्या जाळ्याच्या आधाराने.

लॅम्बटनची साखळी काही सर्वस्वी निर्दोष नव्हती. ती उन्हात लांबत होती, वापराने झिजत होती. पण ती किती चुकते हे त्याला ठाऊक होते. स्वतःच्या साधनांविषयीची ही जाणीव हेच त्याच्या अचूकपणाचे रहस्य होय.