कर्नल साइक्स

विल्यम हेन्री साइक्स यांचा जन्म १७९० साली इंग्लंडात झाला. कोवळ्या वयातच ते ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात दाखल झाले. १८१७ साली खडकीच्या रणांगणावर ते पेशव्यांच्या फौजेविरुद्ध लढले. पुढे १८२४ मध्ये मुंबई सरकारने त्यांना दख्खनच्या पाहणीचे काम सोपविले. या कामासाठी गावोगाव हिंडताना त्यांनी येथील पाखरांचेही बारकाईने निरीक्षण केले आणि १८३२ साली त्यांची सूची लंडनमध्ये प्रसिद्ध केली.

शास्त्रीय नावे लॅटिन वळणाची असतात. साइक्स यांनी त्यांत आपल्या भूमीचे शब्द गुंफले. नांदेड-लातूरच्या आभाळातही घिरट्या घालणाऱ्या घारीला त्यांनी ‘गोविंदा’ हे नाव दिले, तर तुरेवाल्या चंडोलाला ‘देवा’. एका रातव्याला त्यांनी ‘कॅप्रिमल्गस महराटेन्सिस’ म्हटले. रातवा शेळ्यांचे दूध पितो, या युरोपातील जुन्या समजुतीतून पहिला शब्द आला; दुसऱ्याचा अर्थ मराठ्यांच्या देशातील. ज्यांच्याशी ते लढले, त्यांच्याच देशाचे नाव त्यांनी एका पक्ष्याला दिले.

१८७२ साली साइक्स निवर्तले. कंपनीचे राज्य त्यापूर्वीच लयास गेले होते. रातव्याचे ते नाव मात्र पक्षिशास्त्राच्या ग्रंथांत आजही आढळते.