रोग संसर्गजन्य नाही हे सिद्ध करायला या डॉक्टरने रुग्णांच्या खपल्या गिळल्या होत्या

साल १९१४. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत पेलाग्रा नावाच्या रोगाने थैमान घातलं होतं. आधी हातावर, मानेवर चट्टे यायचे, मग जुलाब, मग डोक्यावर परिणाम आणि शेवटी मृत्यू. बहुतेक डॉक्टरांचं मत होतं की हा जंतूंमुळे पसरणारा रोग आहे.

सरकारने तपासाचं काम दिलं डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांना. जन्म १८७४ चा, आजच्या स्लोव्हाकियातल्या ज्यू कुटुंबातला. लहानपणीच न्यूयॉर्कला आले, तिथे वडिलांचं किराणा दुकान होतं. पुढे साथीच्या रोगांवर काम करताना पिवळा ताप, डेंग्यू, टायफस हे सगळं त्यांनी स्वतःही भोगलं होतं.

गोल्डबर्गर अनाथाश्रम आणि मनोरुग्णालयं फिरले. तिथे पेलाग्रा रुग्णांना व्हायचा, पण त्यांच्यासोबत दिवसभर राहणाऱ्या कर्मचाऱ्यांना नाही. आता जंतू काय पगारी माणूस बघून सोडून देतात का? फरक होता तो ताटात. गरिबांच्या पोटात वर्षभर मक्याचं पीठ, डुकराची चरबी आणि काकवी एवढंच जात होतं.

त्यांनी अनाथाश्रमातल्या मुलांना दूध, अंडी, मांस आणि शेंगवर्गीय कडधान्यं सुरू केली. पेलाग्रा जवळपास गायब झाला. मग १९१५ मध्ये उलटा प्रयोग. मिसिसिपीच्या तुरुंगातल्या कैद्यांना शिक्षामाफीच्या बदल्यात मक्यावर ठेवलं. शेवटपर्यंत टिकलेल्या ११ पैकी ६ जणांना पेलाग्रा झाला. आज असल्या प्रयोगाला कुणी परवानगी देणार नाही.

तरी टीकाकार ऐकेनात. मग १९१६ मध्ये गोल्डबर्गर यांनी रुग्णांचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. त्यांच्या खपल्या, मलमूत्र पिठाच्या गोळ्यांत घालून गिळलं. सहकारीही सामील झाले. पत्नी मेरी यांनी रुग्णाचं रक्त टोचून घेतलं. पेलाग्रा कुणालाच झाला नाही.

दक्षिणेतले नेते मात्र भडकले. कारण रोगाचं मूळ गरिबीत आहे असं म्हटलं की बोट थेट कापसाच्या अर्थव्यवस्थेकडे जात होतं. दारापर्यंत कापूस लावायचा, मग भाजीपाला, गाय कुठे ठेवायची?

पण मक्यात नेमकं काय कमी होतं? १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला गोल्डबर्गर यांनी रुग्णाला ट्रिप्टोफॅन देऊन पाहिलं. हे अमायनो अॅसिड शरीर स्वतः बनवू शकत नाही, ते खाण्यातूनच यावं लागतं आणि मक्यात ते फार कमी असतं. रुग्णाला चांगला फरक पडला. पण थोड्याशा यीस्टनेही पेलाग्रा बरा होतो हे दिसल्यावर त्यांनी ट्रिप्टोफॅन बाजूला ठेवलं आणि वेगळाच कुठला तरी घटक शोधायला लागले. स्वस्त यीस्टचा फायदा मात्र लगेच झाला. १९२७ च्या मिसिसिपी महापुरानंतर रेड क्रॉसने ते पूरग्रस्तांना वाटलं.

१९२९ मध्ये कर्करोगाने गोल्डबर्गर गेले, तेव्हा तो घटक सापडलेला नव्हता. १९३७ मध्ये कॉनरॅड एल्व्हेजेम यांनी तो शोधला: नियासिन, म्हणजे व्हिटॅमिन बी-३. मक्यातलं नियासिन अशा रूपात बांधलेलं असतं की ते शरीराला नीट मिळत नाही.

आणि १९४५ मध्ये कळलं की शरीर ट्रिप्टोफॅनपासून नियासिन तयार करतं, साधारण ६० मिलिग्रॅमपासून १ मिलिग्रॅम. म्हणजे गोल्डबर्गर यांचं यीस्टही बरोबर होतं आणि बाजूला ठेवलेलं ट्रिप्टोफॅनही.