चित्रकार रेंब्रांट व त्याचे नाहीसे झालेले चित्र

हॉलंड देशातील लायडन शहरी, ऱ्हाइन नदीच्या काठी, हार्मेन नावाचा एक गृहस्थ धान्य दळण्याची पवनचक्की चालवीत असे. त्याच्या घरी १५ जुलै १६०६ रोजी जो मुलगा जन्मास आला, तोच पुढे जगद्विख्यात झालेला चित्रकार रेंब्रांट होय. त्याचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहो. ते सांगताना त्याच्या एका चित्राची हकीकतही सांगणे प्राप्त आहे. कारण चित्रकाराचे चरित्र त्याच्या मृत्यूपाशी संपत नाही, त्याच्या कृतींच्या नशिबाबरोबर ते पुढे चालू राहते.

रेंब्रांटची आई एका भटारखानेवाल्याची मुलगी. आपला हा मुलगा विद्वान व्हावा, अशी उभयतांची इच्छा असल्यामुळे त्यास लॅटिन शाळेत घालण्यात आले व १६२० साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, लायडनच्या विद्यापीठात त्याचे नाव नोंदले गेले. परंतु त्याचे मन ग्रंथांत रमेना. अखेरीस वडिलांनी हट्ट सोडला व त्यास स्वानेनबर्ख नावाच्या चित्रकाराच्या हाताखाली ठेविले. तेथे सुमारे तीन वर्षे आणि नंतर ॲमस्टरडॅम येथे लास्टमनपाशी सहा महिने उमेदवारी करून तो गावी परतला आणि स्वतंत्रपणे चित्रे काढू लागला. १६२९ साली त्याने लाकडी फळीवर स्वतःचेच एक तैलचित्र काढले. त्यात पिसाची टोपी घातलेला २३ वर्षांचा तरुण मोठ्या उमेदीने समोर पाहत आहे. या चित्राची आठवण वाचकांनी ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

१६३१ च्या सुमारास रेंब्रांट ॲमस्टरडॅमला राहावयास गेला आणि अल्पावधीतच त्याचा लौकिक झाला. १६३३ साली त्याने गालील समुद्रावरील वादळाचे चित्र रंगविले. सुमारे सव्वापाच फूट उंच व सव्वाचार फूट रुंद अशा या चित्रात नाव लाटेवर उभी राहिली आहे; शीड फाटले आहे; कोणी दोर आवरीत आहेत, कोणी ओकत आहे, कोणी निजलेल्या येशू ख्रिस्तास जागे करून धावा करीत आहेत. ख्रिस्त व बारा शिष्य मिळून तेरा जण असावयाचे, परंतु मोजू गेल्यास नावेत चौदा माणसे भरतात. हा चौदावा मनुष्य एका हाताने दोर व दुसऱ्याने डोक्यावरची टोपी धरून थेट आपणांकडे पाहतो. तो स्वतः रेंब्रांटच होय, असे जाणते लोक समजतात. समुद्राचे असे त्याचे हे एकच चित्र ज्ञात आहे.

१६३४ साली सास्किया नावाच्या कुलीन मुलीशी त्याचा विवाह झाला. १६३९ साली त्याने १३,००० गिल्डर किमतीचे मोठे घर हप्त्यांनी विकत घेतले आणि जुनी चित्रे, शस्त्रे, शंखशिंपले व पुतळे यांचा मोठा संग्रह केला. परंतु वैभवाबरोबर दुःखेही त्या घरात आली. चार अपत्यांपैकी तीन तान्हेपणीच वारली. टायटस नावाचा एक मुलगा तेवढा जगला. १६४२ साली त्याने आपले सुप्रसिद्ध ‘रात्रीचा पहारा’ हे प्रचंड चित्र पुरे केले, आणि त्याच वर्षी सास्कियाचे निधन झाले. खर्चास आळा बसला नाही. कर्ज मात्र वाढत गेले. १६५६ साली त्याचे दिवाळे निघाले. सरकारी कारकुनांनी घरातील वस्तूंची यादी केली, तीत ३६३ नोंदी भरल्या. आयुष्यभर जमविलेला संग्रह लिलावात गेला, आणि १६५८ साली घरही विकले गेले.

आश्चर्य हे की, याच विपन्नावस्थेच्या सुमारास तो आपल्या हिंदुस्थानातील मोगल चित्रांच्या नकला काढीत बसला होता. शाहजहान बादशहा व त्याच्या दरबारातील मंडळी यांची त्याने रेखाटलेली वीसांहून अधिक चित्रे आजही उपलब्ध आहेत. घर गेले तरी शिकण्याची हौस गेली नव्हती! हेंड्रिक्ये नावाची त्याची सहचरी व मुलगा टायटस यांनी चित्रांचा व्यापार आपल्या नावे काढून त्यास सांभाळले. पुढे १६६३ साली हेंड्रिक्ये व १६६८ साली टायटस निवर्तला. ४ ऑक्टोबर १६६९ रोजी रेंब्रांटने देह ठेविला. त्यास एका देवळात भाड्याच्या थडग्यात पुरले. त्यावर नावाचा दगडही नव्हता. त्याची अखेरच्या वर्षांतील स्वतःची चित्रे पाहावी. चेहरा सुरकुतलेला, थकलेला, परंतु दृष्टी तीच निर्भय!

आता त्या वादळाच्या चित्राकडे वळू. अनेक हातांतून फिरत ते १८९८ साली अमेरिकेतील बॉस्टनच्या इझाबेला स्टुअर्ट गार्डनर या धनिक बाईंनी विकत घेतले. त्यांनी १९०३ साली आपले संग्रहालय लोकांस खुले केले आणि त्यातील मांडणी कधीही बदलू नये, असे मृत्युपत्रात लिहून ठेविले. १८ मार्च १९९० रोजी मध्यरात्रीनंतर दोन इसम पोलिसांच्या वेषात तेथे आले. पहारेकऱ्यांनी त्यांस आत घेतले. त्यांनी पहारेकऱ्यांसच बांधून घातले आणि ८१ मिनिटांत १३ वस्तू लांबविल्या. गालीलचे वादळ त्यांनी चौकटीतून शस्त्राने कापून काढले. रेंब्रांटचे आणखी एक तैलचित्र आणि व्हर्मीर या दुसऱ्या डच चित्रकाराचे एक दुर्मिळ चित्रही गेले. एक कोटी डॉलरांचे बक्षीस लावूनही, ३५ वर्षे लोटली तरी, एकही वस्तू परत आलेली नाही.

रेंब्रांटचे धन दोनदा हिरावले गेले; परंतु दोन्ही प्रसंगांत फार मोठे अंतर आहे, असे आम्हास वाटते. लिलावात ज्या वस्तू गेल्या, त्या एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेल्या व कोणाच्या तरी घराची शोभा झाल्या. चोरीने मात्र चित्र जगातूनच नाहीसे झाले. ते उघड विकता येत नाही, भिंतीवर लावून कोणास दाखविता येत नाही. म्हणजे ते चोराच्याही उपयोगाचे राहिले नाही. नुकसान केवळ एका संग्रहालयाचे झाले असे नाही. जी मुले त्या दालनात जाऊन ती चौदा माणसे मोजणार होती, त्यांचेही झाले.

संग्रहालयाने त्या रिकाम्या चौकटी आजही जागच्या जागी ठेविल्या आहेत. चोरांनी २३ वर्षांच्या रेंब्रांटचे ते फळीवरील चित्रही भिंतीवरून उतरविले होते, परंतु ते तेथेच टाकून गेले. तो पिसाच्या टोपीचा तरुण अद्यापि त्याच दालनात आहे, आणि नावेतला त्याचा सोबती परत येण्याची वाट तेथील लोक पाहत आहेत.