शेठ प्रेमचंद रायचंद : वैभव आणि मर्यादा

मुंबईच्या ओव्हल मैदानासमोर विद्यापीठाच्या आवारात उभा असलेला राजाबाई टॉवर ज्याने पाहिला नाही असा मुंबईकर विरळाच. परंतु राजाबाई या कोण, हे त्यांतील किती जणांना ठाऊक असेल? त्या सुरतेच्या एका ओसवाल जैन कुटुंबातील श्राविका. शेठ रायचंद दीपचंद यांच्या धर्मपत्नी आणि शेठ प्रेमचंद रायचंद यांच्या मातोश्री. मातेच्या नावाने २८० फूट उंचीचा मनोरा उभारण्यासाठी द्रव्य देणारा हा पुत्र एके काळी मुंबईच्या बाजाराचा अनभिषिक्त राजा होता. त्याच बाजारात त्याचे सर्वस्व गेले. या दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्याखेरीज त्याचे चरित्र पुरे होत नाही.

प्रेमचंदजींचा जन्म १८३१ साली सुरत येथे झाला. सुरतेची पूर्वीची भरभराट ओसरली होती, व्यापार मुंबईकडे वळला होता; त्याच ओघात हे कुटुंबही मुंबईस आले. प्रेमचंदजी इंग्रजी शिकले आणि १८४९ च्या सुमारास दलालीच्या धंद्यात पडले. इंग्रजी लिहिणारा, वाचणारा व बोलणारा दलाल त्या काळी दुर्मिळ होता, त्यामुळे युरोपीय पेढ्यांचे दरवाजे त्यांना लवकर उघडले. हिशेब तोंडी, शब्द पक्का आणि राहणी साधी, अशी त्यांची ख्याती होती. परदेशी बोट बंदराला लागण्यापूर्वीच लहान होड्या पाठवून ते लिव्हरपूलचे भाव मिळवीत, असे सांगतात. तारेची सोय नसलेल्या त्या दिवसांत एका प्रहराची आगाऊ बातमी म्हणजे लाखाचा सौदा होता.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि अमेरिकन कापसावर चालणाऱ्या लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे डोळे लावून बसल्या. मुंबईत कापसाचा भाव असा चढला की लोकांनी गाद्या-उशा उसवून आतील कापूस विकला. युद्धकाळात एरवीच्या मिळकतीहून सुमारे आठ कोटी पौंड अधिक मुंबईत आले, असा अंदाज केला जातो. ज्यांनी हा माल खरेदी केला, गाठी बांधल्या व जहाजावर चढविला त्यांचा नफा रास्त होता. एवढ्यावर थांबले असते तर मुंबईचे कल्याण झाले असते.

पण आलेला पैसा स्वस्थ बसू देईना. बँका, वित्तसंस्था, विमा कंपन्या, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या यांचे पेव फुटले. कंपनीची पाटी लागण्याआधीच तिच्या शेअरवर अधिमूल्य चढे. या सर्वांच्या मध्यभागी प्रेमचंदजी होते. एशियाटिक बँकिंग कॉर्पोरेशन त्यांच्या पुढाकाराने निघाली, बॅकबे रिक्लेमेशन कंपनीमागेही त्यांचाच हात होता. बॅकबेचा पाच हजार भरलेला शेअर पन्नास हजारांवर गेला. नव्या कंपनीचे शेअर कोणास किती मिळावेत हे बहुधा शेठजींच्या शब्दावर ठरे, आणि त्यांची एक चिठ्ठी मिळाली की आपले दैव उघडले असे लोक समजत. बॉम्बे बँकेत तर त्यांचे वजन संचालकांहून अधिक होते. १८६३ च्या कायद्याने बँकेवरील जुने निर्बंध सैल झाले होते. शेअर तारण ठेवून कर्ज मिळे, त्या कर्जातून पुन्हा शेअर घेतले जात. कागदावर कागद चढत होता आणि त्याखाली रोकड कोठे आहे, हे कोणी विचारीत नव्हते.

जैन श्रावकाच्या पाच अणुव्रतांत परिग्रह-परिमाण हे एक आहे. भूमी, सुवर्ण, धान्य, रोकड किती ठेवावयाची याची सीमा श्रावकाने स्वतःच घालावयाची असते, आणि ती घालावयाची असते ती तेजी येण्यापूर्वी. तेजीत घातलेली सीमा दर आठवड्याला पुढे सरकते, हे कोणत्याही व्यापाऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. प्रेमचंदजींच्या दानाचे आकडे ठरलेले व स्पष्ट होते. १८६४ साली त्यांनी मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी दोन लक्ष आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लक्ष रुपये दिले. कलकत्ता विद्यापीठासही दोन लक्ष दिले. मात्र बाजारात स्वतः किती गुंतावे, याचा आकडा ठरविल्याचे त्या चार वर्षांच्या व्यवहारांत दिसत नाही. हात सढळ होता, पण तो देताना जितका सढळ तितकाच सौदा करतानाही.

९ एप्रिल १८६५ रोजी जनरल ली यांनी शरणागती पत्करली. बातमी मुंबईस पोचताच कापूस कोसळला आणि पाठोपाठ शेअर. १ जुलै १८६५ हा कित्येक महिन्यांपूर्वी केलेले वायदे चुकते करण्याचा, बाजाराच्या भाषेत वलणाचा दिवस. त्या दिवशी घेणाऱ्याजवळ पैसा नव्हता आणि म्हणून देणाऱ्याजवळही नव्हता. २,८५० रुपयांपर्यंत चढलेला बॉम्बे बँकेचा शेअर पुढे ८७ वर आला. १८६६ साली प्रेमचंदजींची पेढीही बसली.

येथे चरित्रकाराची लेखणी अडखळते, पण अडखळून चालणार नाही. बुडाले ते केवळ मोठे सटोडिये नव्हते. बॉम्बे बँकेत सरकारचे भांडवल होते, म्हणून ती सुरक्षित समजून अनेकांनी आयुष्याची पुंजी तिच्या शेअरमध्ये घातली होती. १८६८ साली नेमलेल्या चौकशी आयोगापुढे प्रेमचंदजींची साक्ष झाली. आयोगाने सैल कायदा, दुबळा चिटणीस व बेफिकीर संचालक यांना दोष दिला, तसाच प्रेमचंदजींच्या बँकेवरील अवाजवी प्रभावालाही दिला. दात्याच्या पुण्याईने हा दोष धुऊन निघतो असे मानण्याकडे आपल्या समाजाचा कल असतो. ज्यांची पुंजी गेली, त्यांना मनोऱ्याकडे पाहून काय वाटले असेल, याचाही विचार व्हावयास हवा.

मात्र पुढची चाळीस वर्षेही या माणसाचीच आहेत. ते मुंबई सोडून गेले नाहीत. ज्या बाजाराने त्यांची मानहानी पाहिली त्याच बाजारात ते पुन्हा दलाल म्हणून उभे राहिले. १८७५ साली स्थापन झालेल्या देशी शेअर दलालांच्या संघटनेच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. मुंबई शेअर बाजाराचा उगम तोच. पहिले वैभव पुन्हा आले नाही. १९०६ साली त्यांचे निधन झाले.

मनोऱ्याचा पाया १ मार्च १८६९ रोजी घातला गेला, म्हणजे तो बांधला जाऊ लागला तेव्हा दात्याजवळ द्रव्य उरले नव्हते. १८७८ साली काम पूर्ण झाले. राजाबाई दृष्टिहीन होत्या व सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम पाळण्यासाठी त्यांना घड्याळाच्या टोल्यांचा उपयोग व्हावा, ही पुत्राची इच्छा होती, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. कलकत्त्याच्या दोन लक्षांतून प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती सुरू झाली आणि ती त्या विद्यापीठाचा सर्वोच्च मान ठरली. पुढे कुलगुरू झालेले सर आशुतोष मुखर्जी तिचे मानकरी होते. १८९७ साली ती जदुनाथ सरकार या तरुणास मिळाली. तिच्यासाठी त्यांनी औरंगजेबकालीन हिंदुस्थानावर प्रबंध लिहिला. १९१९ साली त्यांचे शिवाजी महाराजांवरील इंग्रजी चरित्र प्रसिद्ध झाले. त्यातील मतांवर महाराष्ट्रातील इतिहासकारांनी पुष्कळ वाद घातला, पण ते वाचल्याशिवाय कोणाचे चालले नाही.